जे सोडवत नाही, ते आधी वर

विमलताई तायडे यांची आणि माझी पहिली ओळख भांडणाने झाली. गौरवग्रंथात असे काही लिहू नका, असे संपादकांनी मला प्रेमाने सुचवले होते. पण ताईंविषयी गोडगोड खोटे लिहिले तर त्या स्वतः ते पान फाडतील, हे संपादकांपेक्षा मला जास्त ठाऊक आहे. म्हणून जे घडले ते घडले तसेच लिहितो.

मी अकोल्यात गाद्या शिवतो. आजोबा कापूस पिंजत, वडील पिंजत, मी यंत्रावर पिंजतो एवढाच फरक. काही वर्षांपूर्वी ओडिशाच्या किनाऱ्यावर मोठे चक्रीवादळ आले. ओल्या जमिनीवर निजलेली म्हातारी माणसे मी टीव्हीवर पाहिली. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला घरातली सगळ्यात जाड गादी मिळते. बाळंतिणीला नवी गादी, लेकीच्या लग्नात गादी. माणसाचा मान ठेवायचा तर त्याला उघड्या जमिनीवर झोपू द्यायचे नाही, इतकेच मी शिकलेलो. शंभर गाद्या पाठवतो, असे मी चौकात जाहीर करून मोकळा झालो. लोकांनी हारही घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर ऑटो थांबला. पांढऱ्या सुती साडीतल्या एक बाई उतरल्या, चपला बाहेर काढून आत आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या,

"हबीबभाऊ तुमीच काय? ह्या गाद्या कोनं मांगतल्या?"

"मांगाची काय गरज? टीव्हीवर दिसत नाई काय तुमाले?"

"टीव्हीवर मले बी दिसते. मी इचारून राहिली, मांगतल्या कोनं?"

मी तापलो. दान देणाऱ्याला कोणी असे विचारते काय? तुम्ही कोण, असे मी जरा चढ्या आवाजात विचारले. त्यांनी शांतपणे सांगितले. तेल्हाऱ्याच्या सरकारी रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या पाच-सहा मंडळांची मदत एकत्र करून किनाऱ्यावर न्यायचे काम त्यांच्याकडे आले होते. "समुद्राकाठचं घर हाये ते. कापूस एकदा भिजला का वाळत नाई, हे मी तुमाले सांगू?" हे वाक्य एका पिंजाऱ्याला त्याच्याच दुकानात ऐकवणाऱ्या त्या पहिल्याच. त्या बरोबर बोलत होत्या, म्हणून तर मला जास्त राग आला. मी हट्ट सोडला नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "घ्या मंग. पन वाटाच्या आंदी इचारसान." विचारायचे मी कबूल केले. अर्थात मी कोणालाही विचारले नाही.

त्या पहिल्या फेरीत मी जे पाहिले त्याने माझी मतीच गुंग झाली. उन्मळलेली नारळाची झाडे आणि उडालेली छपरे पाहण्याची मनाची तयारी होती. तयारी नव्हती ती रस्त्याकडेच्या कपड्यांच्या डोंगराची. देशभरातून आलेले जुने कपडे, सदरे, कोट, लग्नातल्या शेरवान्या, पावसात भिजून कुजत पडले होते आणि त्यावर शेळ्या बसल्या होत्या. हमरस्त्यावरच्या एका गावात एकाच दिवशी चार ट्रक तांदूळ आला. तिथून अर्ध्या तासाच्या पायवाटेवर बालीसाही नावाची वस्ती, तिथे आठ दिवसांत कोणी फिरकलेच नव्हते. लोक शहाळ्याच्या पाण्यावर होते. मदत होती, माणसे होती, मधली वाट मात्र कोणाच्याच लक्षात आली नव्हती. असेही घडू शकते, हे मला तोवर कोणी सांगितले असते तर मी त्याला वेड्यात काढले असते.

ताई मात्र चकित होऊन उभ्या राहिल्या नाहीत. रुग्णालयात खाटेला तक्ता लटकवलेला असतो. रात्रपाळीच्या सिस्टरने कोणते औषध दिले हे सकाळच्या सिस्टरला त्यावरून कळते. "दोघींनं एकच गोळी दिली त मानूस मरते. दोघींनं बी नाई दिली तरी मरते," एवढे म्हणून त्यांनी बालीसाहीच्या शाळेच्या भिंतीवर एक मोठा फळा टांगला. आज काय आले, कोणी दिले, अजून काय हवे. आणि शेवटचा रकाना त्यांचा खास: काय नको. तिथे काम करणाऱ्या एका मोठ्या संस्थेचे गृहस्थ त्या फळ्याला हसले होते. चार दिवसांनी तेच गृहस्थ विचारायला आले, आमची माणसेही यावर लिहू शकतील का? पुढे त्या भागातल्या सगळ्या संस्था रोज सकाळी अकरा वाजता एका ठिकाणी बसू लागल्या, गावे वाटून घेऊ लागल्या. त्या बैठकीत ताईंची हिंदी ऐकणे हा एक सोहळाच असे. वऱ्हाडी हिंदीला त्या कधी लाजल्या नाहीत.

आता माझ्या गाद्या. बालीसाहीतल्या म्हाताऱ्या जोडप्यांना मी त्या वाटल्या. धनेश्वर नावाचे एक वयस्क मच्छीमार होते. त्यांनी आयुष्यात गादीवर पाठ टेकली नव्हती. गादी अंथरून दिली तेव्हा ते आधी तिच्याकडे पाहत राहिले, मग आडवे झाले आणि असे खदाखदा हसले की त्यांच्या पत्नी सावित्री तोंडाला पदर लावून आत पळाल्या. तिकडे मावशीला माऊसी म्हणतात. आम्हीही त्यांना सावित्री माऊसीच म्हणू लागलो. मी अकोल्याला परतलो तो छाती फुगवूनच. मंडळांच्या सभेत सगळ्यांसमोर ताईंना टोमणा मारला, "कापूस वाळत नाई म्हने!" ताईंनी काय करावे? त्या भर सभेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी चुकली. हबीबभाऊचं बरोबर निंगालं." वयाने आणि कामाने इतकी मोठी बाई इतक्या सहज असे म्हणते, हे पाहून खरे तर तेव्हाच माझी मान खाली जायला हवी होती. ती गेली नाही.

दीड वर्षाने त्याच किनाऱ्यावर दुसरे वादळ आले. या वेळी सूचना दोन दिवस आधी मिळाली होती. बालीसाहीजवळ खांबांवर उभी असलेली दुमजली पक्की निवारा-इमारत आहे. लोक तिथे चढले. वादळ गेल्यावर वस्तीतल्या शाळेचे नरहरी मास्तर, जे हिंदी जाणत आणि आमचा तिथला सगळा आधार होते, त्यांचा फोन आला. धनेश्वर गेले. बायकोला त्यांनी पुढे पाठवले होते. गादी माळ्यावर चढवून, नीट बांधून येतो, असे म्हणाले होते. तेवढ्यात मातीची भिंत त्यांच्या अंगावर बसली. मास्तरांनी पुढे सांगितले, गादी कोरडी निघाली.

मी फोन खाली ठेवला तेव्हा दुकानात काय चालले होते ते मला आठवत नाही. माझ्या हातची वस्तू. माझ्या हातचे टाके. एका माणसाने त्याच्यासाठी जीव दिला, आणि मी त्याच वस्तूचा मिरवणूक काढावी तसा गाजावाजा केला होता. त्यानंतर मी कापसाला हात लावू शकलो नाही. दुकान उघडायचो आणि बसून राहायचो. बेगम रडली, भाऊ रागावले, काही उपयोग झाला नाही.

विमलताईंनी मला समजावले नाही. बघा, मी सांगितले होते, असेही म्हणाल्या नाहीत. तो तर त्यांचा हक्कच होता. त्या रोज सकाळी दहाला यायच्या आणि माझ्यासमोर बसायच्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "रिकामं बसाचा कटाळा आला बा. मले गादीचा टाका घालाले शिकवा." मी नाही म्हटले. त्यांनी सुई उचलली आणि इतका वाकडा टाका घातला की मला राहवेना. तो उसवून मी नीट घालून दाखवला. दुसराही त्यांनी वाकडाच घातला. जन्मभर माणसांना टाके घातलेल्या सिस्टरला गादीचा टाका जमणार नाही असे कसे होईल, हे मला तेव्हा सुचलेही नाही, यावरून माझी अवस्था समजावी. आठवडाभरात माझे हात चालू लागले. मग एक दिवस त्या म्हणाल्या, "आता चला. त्या बाईच्या तोंडासमोर उभं राहा लागते. मी बी येतो. मी चुकली म्हनाली होती ना सभेत? मंग हे दोघाचं हाये."

सावित्री माऊसी शिव्या देतील, हाकलतील, अशी तयारी करून मी गेलो होतो. तसे झाले असते तर सोपे गेले असते. माऊसींनी आम्हाला बसवले, नारळ फोडून दिला, आणि मास्तरांमार्फत मला सांगितले की, त्यांनी तुमची गादी फार जपली, पाहुणा आल्याशिवाय अंथरू दिली नाही. कौतुकाने सांगत होत्या.  मी उठून अंगणात गेलो आणि भिंतीच्या ढिगाऱ्याकडे पाठ करून उभा राहिलो.

आत मात्र ताईंनी पिशवीतून कागद काढला होता. त्यानंतर त्यांनी जे केले ते माझ्या मते त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात मोठे काम आहे. आजवर आम्ही सगळे जाऊन विचारत होतो, तुम्हाला काय हवे? ताई दारोदार गेल्या आणि विचारले, सूचना आली तेव्हा तुम्ही कशासाठी थांबलात? काय सोडवेना? लोक आधी बोलेनात. मग एक बाई म्हणाली, शिलाई मशीन. कोणी म्हणाले जाळे. कोणी गाभण गाय, कोणी बियाण्याचे भात, कोणी लेकीच्या लग्नाची साडी, कोणी नुसता कागदपत्रांचा डबा. घराघरात एक धनेश्वर होता. दोन्ही वादळांत प्रत्येक घरातले कोणी ना कोणी काहीतरी सांभाळायला मागे राहिले होते. धनेश्वरांच्या वाट्याला भिंत आली, इतरांच्या वाट्याला आली नाही, एवढाच फरक. इतक्या संस्था, इतके ट्रक, आणि हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता.

ताईंचा नियम ठरला: जे सोडवत नाही, ते आधी वर. सूचना येताच पहिल्या दिवशी सामान वर चढवायचे, दुसऱ्या दिवशी माणसे. दुसरा नियम, जो माझ्यासाठी होता: एका माणसाला डोक्यावर घेऊन पळता येईल, त्यापेक्षा जड वस्तू मदत म्हणून द्यायची नाही. मी ताडपत्रीच्या पिशव्या शिवल्या, प्रत्येक घराची वेगळ्या रंगाच्या पट्टीची.

पण निवाऱ्यात सामानाला खोली कोण देणार? अकराच्या बैठकीत तिथल्या एका अधिकाऱ्यांनी साफ नकार दिला. निवारा माणसांसाठी आहे, गाठोड्यांसाठी नाही. त्यांचेही चूक नव्हते; जागा अपुरीच होती. इतर संस्थांनी माना हलवल्या. ताईंनी वाद घातला नाही. त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "हबीबभाऊ, सांगा."

मला आधी काही कल्पना दिलेली नव्हती. भरल्या खोलीत, परक्या माणसांसमोर, माझ्या गादीपायी माणूस मेला हे मी उभे राहून सांगायचे? क्षणभर मला त्यांचा भयंकर राग आला. उठून निघून जावे असे वाटले. ताई नुसत्या पाहत होत्या. मग मी सांगितले. मोडक्यातोडक्या शब्दांत, धनेश्वर हसले होते तेही सांगितले.  अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला, आणि वरच्या मजल्यावरची उत्तरेकडची खोली सामानासाठी दिली. बाहेर आल्यावर मी ताईंना म्हटले, "आंदी सांगाचं त होतं." त्या म्हणाल्या, "आंदी सांगतलं असतं त तुमी आलेच नसते." बरोबरच होते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी तिसरे वादळ आले. आम्ही दोघे अकोल्यात ताईंच्या घरी फोन घेऊन बसलो होतो. आदल्या दिवशी मास्तरांनी कळवले होते की पिशव्या वर गेल्या, मशीन गेले, जाळी गेली, गाय उंचावरच्या मंदिराच्या आवारात बांधली. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता पुन्हा फोन. वारा सुटलेला फोनमधूनही ऐकू येत होता. सगळे वर आलेत, मास्तर म्हणाले, एक सोडून. सावित्री माऊसी घरातून हलत नाहीत.

 मी ओरडलो, "पन काहून?" मास्तरांनी माऊसींचे उत्तर जसेच्या तसे सांगितले: माझे आता वर नेण्यासारखे काय उरले आहे?

 त्या दिवशी दारोदार फिरताना ताईंनी माऊसींनाही विचारले होते, काय सोडवत नाही? काही नाही, असे त्या म्हणाल्या होत्या. ताईंनी कागदावर तसे लिहून घेतले आणि पुढच्या दाराकडे गेल्या. म्हणून त्या एका घरासाठी मी पिशवी शिवली नाही. ज्या बाईमुळे आम्हाला हा सगळा शहाणपणा आला, तिच्याच घरासमोर आम्ही रेघ ओढून पुढे गेलो होतो. ताईंचा चेहरा मी तसा पांढराफटक कधी पाहिला नाही. "मले समजाले पाह्यजे होतं," त्या म्हणाल्या. "पेशंट काई नाई दुखत म्हनते तवा जास्त पाहा लागते. चाळीस वर्सं तेच केलं मी."

मग त्यांनी मास्तरांना माऊसींच्या दारापर्यंत पळायला लावले आणि फोनचा आवाज मोठा करून आपले शब्द माऊसींना त्यांच्या भाषेत सांगायला लावले. मला वाटले, आता विनवण्या करतील, शपथ घालतील. ताई एकदम कामावरच्या सिस्टरच्या आवाजात बोलल्या,

"मौसी, उप्पर सब गाँव का सामान पडा है. ताला लगाना है, चाबी किसको देना? मेरे को किसी का भरोसा नहीं. तुम जाव और दरवाजे में बैठो. जल्दी जाव."

 मग माऊसी काहीतरी बोलल्या आणि मास्तर धावतधावत म्हणाले, निघाल्या, निघाल्या. ताईंनी लगेच त्यांना दटावले, "मास्टरजी, पहले ताला ढूंढो!" त्या खोलीला कुलूपच नव्हते. मास्तरांनी शाळेच्या कपाटाचे काढून आणले.

वादळात माऊसींच्या झोपडीचे काहीही राहिले नाही. पायथ्याचे चार दगड तेवढे होते. माऊसी दोन दिवस त्या खोलीच्या दारात किल्ली मुठीत धरून बसल्या होत्या, आणि कोणाचीही पिशवी नाव विचारल्याशिवाय त्यांनी दिली नाही. आजही त्या खोलीची किल्ली त्यांच्याकडेच असते. सूचना आली की वस्तीत पहिल्या त्या वर चढतात आणि वरून नावे घेऊन बाकीच्यांना हाका मारतात.

या ग्रंथासाठी माऊसींकडूनही दोन शब्द घ्यावेत म्हणून मी परवा फोन केला. ताई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या, शुभेच्छा द्या, असे मास्तरांकरवी सांगितले. माऊसींनी शुभेच्छा दिल्याच नाहीत. विचारले, त्यांच्या घरी कोण असते? कोणी नाही, मी म्हटले, एकट्याच असतात. मग पलीकडून आवाज चढला. मास्तरांनाही भाषांतर करायला संकोच वाटत होता. माऊसी म्हणत होत्या, मग तिला हाक कोण मारतो?

 मागच्या हिवाळ्यात ताई न्हाणीघरात घसरून पडल्या, मनगट मोडले, आणि दूधवाली येईपर्यंत तशाच पडून होत्या. आम्हाला कळले आठ दिवसांनी, तेही हाताला प्लास्टर दिसले म्हणून. "सांगाचं काय त्यात?" असे म्हणून त्यांनी विषय बदलला आणि आम्ही तो बदलू दिला. दोन जिल्ह्यांतली आम्ही इतकी माणसे, सत्काराची तयारी करणारी, हार मागवणारी, लेख लिहिणारी. त्यांच्या दारावर रोज थाप मारावी, हे समुद्राकाठच्या एका निरक्षर बाईने आम्हाला सांगायचे?

त्या दिवसापासून आम्ही पाचजण पाळीपाळीने सकाळी ताईंकडे जातो. त्या दार उघडतात ते कपाळाला आठ्या घालूनच. "काहून येता रे रोज रोज? मले काय झालं?" काल माझी पाळी होती, मलाही तेच ऐकून घ्यावे लागले, चहा मात्र मिळाला.

विमलताई, तुम्ही शंभरी पार करा. हाडे धड राहोत, नजर आणि आवाज असाच खणखणीत राहो. तुम्हाला आमचे येणे आवडत नाही हे ठाऊक आहे. उद्या सकाळीही दार वाजेल. रागवायला का होईना, पण उठून दार उघडा.